मैत्रिणींबरोबर मॉरिशसला, आजीच्या 'मोरस'च्या माणसाला शोधायला : कुणाला असा अनुभव आहे का?

सुरंगी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज बसलेच.

माझी आजी म्हणजे आईची आई, माहेर रत्नागिरीजवळचं पावस. ती साखरेला कधी साखर म्हणायची नाही, मोरस म्हणायची. "चहात मोरस कमी पडली गो" असं. आम्हा पोरांना वाटायचं तो साखरेचाच एखादा प्रकार असेल. मग एकदा तिनेच सांगितलं की मोरस हे समुद्रापलीकडचं बेट आहे, तिथून साखर यायची म्हणून ती मोरस, आणि तिच्या पणजोबांचे थोरले भाऊ भिकाजी उसाच्या कामाला तिकडे गेले ते आलेच नाहीत. एक पत्र आलं होतं म्हणे, ते घरात कुणाला वाचता येईना, वाचणारा शोधेपर्यंत वळचणीला खोचून ठेवलं आणि घर शाकारताना गेलं. पितृपक्षात दरवर्षी वाद व्हायचा, भिकाजींच्या नावाने पान काढायचं की नाही, कारण माणूस गेल्याचीच खबर नाही. आजी म्हणायची ते आपले खरे 'खाडीपलीकडच्या घरातले'. कुठली खाडी, कुठलं घर, ते विचारायचं राहिलं. गेल्या वर्षी आजी गेली.

आता मुद्दा. आम्ही कॉलेजपासूनच्या चौघी मैत्रिणी नोव्हेंबरात मॉरिशसला चाललोय, आठ दिवस. चौघींनी पहिल्यांदा घर सोडून एकत्र परदेशी जायचं ठरवलंय. मी म्हटलं त्यातले दोन दिवस मला भिकाजींना शोधायला द्या, तर एक मैत्रीण म्हणाली, "अगं फिरायला चाललोय की श्राद्धाला?" तिचंही खोटं नाही, तिने वर्षभर पैसे साठवलेत. शोधाची सुरुवात कुठून करायची, कुठले कागद लागतात, दोन दिवस पुरतात का, आणि मुळात हे काम मैत्रिणींबरोबर करावं की नंतर मामाला घेऊन वेगळं जावं? मामाला गुडघ्याचा त्रास आहे आणि तिकिटाचा खर्च दुसऱ्यांदा झेपणार नाही हेही सांगते.

तांबडी_माती
मोरस! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. आमच्याकडे वेंगुर्ल्याला पण म्हणायचे. वाचतेय, धागा वर राहू दे.

घाटमाथा
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मित्रांबरोबर जाऊ नका.

माझे आजोबा रंगूनला लाकडाच्या वखारीत हिशेबनीस होते. डिसेंबर १९४१ मध्ये शहरावर बॉम्ब पडले आणि १९४२ मध्ये ते हजारो लोकांबरोबर डोंगर तुडवत चालत मणिपूरला पोचले, बरोबरचा धाकटा भाऊ वाटेत गेला. तेव्हा ते घर बघायचं हे माझ्या डोक्यात लहानपणापासून. काही वर्षांपूर्वी तिघा मित्रांबरोबर गेलो. आजोबांच्या वहीत पत्ता डलहौसी स्ट्रीटचा, तो रस्ता आता महाबंडूला रोड झालाय आणि घरांचे नंबरही बदललेत. तीन तास त्या उन्हात मी एकेका जिन्याकडे बघत फिरत होतो आणि मित्र मागून घड्याळ बघत होते. एकाने शेवटी विचारलं, "सापडलं तर काय करणार आहेस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि त्याला ते असं रस्त्यात विचारायचं काही कारण नव्हतं. संध्याकाळी जेवताना वाजलंच आमचं. अजून पहिल्यासारखं बोलणं नाही. आपलं दुःख आपल्या रक्ताच्या माणसाबरोबरच वाटून घ्यावं.

पाटपाणी
घाटमाथा, तुमच्याबद्दल वाईट वाटलं, पण रक्ताच्या माणसांचं म्हणाल तर मी दोन काकांना घेऊन मूळ गाव बघायला गेले होते, परदेशही नव्हे, देवगड तालुका. देवघरातल्या टाकांवरून दोघांची अशी जुंपली की गाव बघायचाच राहिला. मैत्रिणींना निदान हिस्सा नको असतो :)

दर्यावर्दी
सुरंगीताई, मी जहाजावर होतो, पोर्ट लुईला बऱ्याचदा उतरलोय, नंतर मुद्दाम या विषयासाठीही गेलो. माहीत आहे तेवढं लिहितो.

भारतातून गिरमिटावर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या मजुरीच्या करारावर, पहिली तुकडी तिथे २ नोव्हेंबर १८३४ ला पोचली, 'ॲटलस' नावाच्या जहाजाने, ३६ माणसं, ती कलकत्त्याहून. पुढे १९२० पर्यंत जवळपास पाच लाख लोक त्या बंदरात उतरले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, मुंबईहून गेलेले त्या मानाने कमी, आणि त्यात आपले रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे. आजींच्या पिढ्या मोजल्या तर तुमचे भिकाजी अंदाजे १८६० च्या आगेमागे गेले असावेत. तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा, मी मुद्दाम सांगतोय, म्हणजे तिथे गेल्यावर एकदम धक्का नको. पहिली, करार पाच वर्षांचा असायचा आणि सुरुवातीच्या काळात तो संपल्यावर परतीचं भाडं मिळायचं, ते १८५० नंतर काढून टाकलं. महिना पाच रुपये मजुरी, त्यात एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचे पैसे कापायचे, त्यातून परतीचं भाडं साठवायचं कसं? 'आलेच नाहीत' याचा अर्थ विसरले असा घेऊ नका. दुसरी, १८६६ ते ६८ तिथे मलेरियाची भयंकर साथ आली, हजारो माणसं मेली, त्यात आपली खूप.

कागद कुठे? मोका गावात महात्मा गांधी संस्था आहे, तिथे गिरमिटियांच्या नोंदवह्या ठेवल्यात. प्रत्येक माणसाला उतरल्यावर एक नंबर मिळायचा, तो नंबर जन्मभर त्याच्यामागे असायचा, लग्नाच्या, जमिनीच्या, मृत्यूच्या कागदावर तोच. नोंदीत नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, जिल्हा, जहाज. १८६७ च्या कायद्यानंतर मजुराच्या ओळखीच्या तिकिटावर फोटो आला. तेव्हा फोटो मिळेलच अशी आशा धरू नका पण विचारा. तिथल्या लोकांचा रोजचा अनुभव उलट्या बाजूचा असतो, म्हणजे मॉरिशसचा माणूस आपल्या आज्याचा नंबर घेऊन येतो आणि भारतातलं गाव विचारतो. तुमच्याकडे नंबर नाही, फक्त नाव आणि जिल्हा, म्हणजे वेळ लागणार. निघायच्या दीड-दोन महिने आधी ईमेल करा, नाव, बापाचं नाव, अंदाजे साल सगळं कळवून ठेवा. आणि ही भेट पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवा, शेवटच्या दिवशी नको, मध्ये शनिवार-रविवार येणार नाही असं बघा. २ नोव्हेंबरला तिथे सुट्टी असते, पहिली तुकडी उतरली तो दिवस.

अप्रवासी घाट, म्हणजे गिरमिटिये उतरायचे ती जागा, चुकवू नका. पोर्ट लुईत बंदराला लागूनच आहे, २००६ पासून जागतिक वारसा. १६ दगडी पायऱ्या आहेत. बोटीतून उतरून त्या पायऱ्या चढायच्या आणि डेपोत शिरायचं. मी आयुष्यभर बंदरांत चढ-उतार केली, पण त्या पायऱ्यांवर चपला काढून उभा राहिलो.

तांबडी_माती
दर्यावर्दी, __/\__ शेवटच्या ओळीला पाणी आलं डोळ्यात.

घाटमाथा
माहिती एक नंबर. पण तीन मैत्रिणींना दीड-दोन महिने आधीपासून ईमेलच्या गोष्टी ऐकवणार का, हा माझा प्रश्न तसाच राहिला.

शांता_वाक्वा
नमस्कार. मी मॉरिशसची आहे, वाक्वा इथे राहते. मराठी मी शाळेत शिकले आणि नंतर पुण्यात तीन वर्षे शिकायला होते. माझ्या लिहिण्यात चूक असेल तर समजून घ्या, घरी आम्ही क्रिओल, म्हणजे इथली फ्रेंचवरून झालेली बोली, बोलतो. आजी मात्र देवाजवळ मराठीच बोलायची.

मित्रांबरोबर जायचे की नाही यावर माझे मत सांगते कारण मी तेच केले, उलट्या दिशेने. पुण्यात शिकताना आम्ही मॉरिशसचे पाच जण होतो. एकाचे पूर्वज बिहारचे, एकीचे तमिळ, एक मुसलमान मित्र ज्याचे आजोबा गुजरातमधून व्यापाराला आले, एक क्रिओल मैत्रीण आणि मी कोकणची. आम्ही ठरवले की शिक्षण संपायच्या आधी प्रत्येकाच्या गावाला सगळ्यांनी जायचे. ज्याचे गाव त्या दिवशी तो बोलेल, बाकीच्यांनी फोटो काढायचे, पाणी धरायचे आणि घाई करायची नाही. हा नियम होता. क्रिओल मैत्रीण म्हणाली, माझ्या लोकांना गुलाम करून आणले, नोंदीत गाव लिहिलेलेच नाही, म्हणून मी तुमच्या सगळ्यांच्या गावाला येणार. ती खरेच सगळीकडे आली.

माझ्या कागदावर गाव वाचता येत नव्हते, फक्त जिल्हा होता, इंग्रजीत 'रुटनाघेरी'. आम्ही रत्नागिरीला उतरलो, रिक्षावाल्याने विचारले कुठे, मी म्हटले माहीत नाही. लोक विचारायचे आडनाव काय. आमच्याकडे आडनाव राहिलेच नाही, पूर्वजाच्या वडिलांचे नाव तेच आमचे आडनाव झाले. सखाराम, बाबाजी, रामजी ही आमच्याकडे आडनावे आहेत. आडनाव नाही म्हणजे वाडी नाही, वाडी नाही म्हणजे घर नाही. मला गाव मिळाले नाही. पण संध्याकाळी एका देवळाच्या अंगणात मुले जाखडी नाचत होती, पायात घुंगरू, गोल करून, मध्ये मृदंग. आमच्याकडे त्याला झाकरी म्हणतात, माझे वडील नाचायचे, तोच पाय, तोच ताल. मी रडले तेव्हा बिहारचा मित्र माझी पिशवी घेऊन उभा होता. मामा-काका असते तर मी रडले नसते, त्यांना सांभाळत बसले असते.

सुरंगीताई, कास्कावेलला जा, तिथे मराठी वस्ती आहे. तिथून फ्लिक आँ फ्लाकचा समुद्र अगदी जवळ आहे, तुमच्या मैत्रिणीला तिथे सोडा, दोघींचे काम होईल.

पाटपाणी
शांता, तुझं मराठी आमच्यापेक्षा नीट आहे गं.

चकलीचा_सोऱ्या
हो, आणि ऑफिसातले आमचे मेल बघितलेस तर आम्हालाच शाळेत पाठवशील :)
प्रश्न : तिकडे जी दाल पुरी मिळते ती आपल्या पुरणपोळीची बहीण का?

शांता_वाक्वा
ती बिहारकडून आली, चण्याची डाळ भरतात पण गोड नाही, रस्सा आणि चटणी घालून खातात. पुरणपोळी वेगळी, ती आम्ही मराठी घरी करतो. गणेश चतुर्थीला आमच्याकडे सरकारी सुट्टी असते. १८९६ मध्ये हेन्रिएटा गावात पहिला गणपती बसला असे सांगतात.

अलिबागचा_पांढरा_कांदा
थोडं अवांतर पण विषयाला धरून. आमच्याकडे हे दरवर्षी बघतो. इस्राएलमधून बेने इस्राएल मंडळी, म्हणजे मूळचे कोकणातले ज्यू, येतात, अश्दोद, लोद, डिमोनाहून, आणि हल्ली तरुण पोरं मित्रमैत्रिणी घेऊनच येतात. ज्यांना आपण 'शनवार तेली' म्हणायचो, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. त्यांचं काम मॉरिशसवाल्यांपेक्षा सोपं, कारण आडनावातच गाव आहे. पेणकर, दिवेकर, किहीमकर. नवगावला पूर्वज समुद्रातून लागले तिथे जातात, अलिबागच्या मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये जातात, अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या खडकापाशी मलिदा करतात, पोहे, नारळ, साखर, फळं.

मागे एक मुलगी आली होती, तिला मराठी येत नव्हतं. तिच्याबरोबरच्या मैत्रिणीची आजी घरात मराठी बोलायची म्हणून ती मैत्रीण सगळं बोलून देत होती. ती मैत्रीण मागे लागली म्हणून आम्ही शेवाळलेल्या कबरीवर पाणी मारून अक्षरं बोटाने चाचपली. मराठीतच कोरलेलं नाव निघालं. जिचं गाव ती गप्प बसली होती, जिचं नाही ती झटत होती. घाटमाथा, मित्र कसे आहेत त्यावर आहे हो.

बोरू
सगळे पलीकडच्या कागदांचं सांगताय, अलीकडचं कोण करणार? सुरंगी, मॉरिशसला जायच्या आधी पावसला जा. इंग्रजी वहीतलं गाव म्हणजे कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं ते. ते ओळखायचं तर आपल्याला आधी आसपासच्या पाच-पंचवीस गावांची, वाड्यांची नावं तोंडपाठ हवीत. तहसील कचेरीत जुने फेरफार, गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यूची वही ज्याला कोतवाल बुक म्हणतात, ते मागा. जुनं मोडीत असेल, वाचणारे मिळतात. त्र्यंबकेश्वरला किंवा नाशकात घराण्याचे तीर्थोपाध्ये असतील तर त्यांच्या वहीत कोण कधी आलं, बापाचं-आज्याचं नाव, मूळ गाव सगळं असतं. कोल्हापूर-बेळगावकडे असतात तर हेळवी दारात येऊन वंशावळ म्हणून दाखवतात, कोकणात ती सोय नाही.

आणि एक. भाऊबंदांकडे चौकशी करताना पहिल्या वाक्यात सांगा की सातबाऱ्यावर नाव लावायला आलो नाही. मी एका मॉरिशसच्या कुटुंबाला संगमेश्वराकडे घेऊन गेलो होतो, पहिला अर्धा तास कुणी पाणी विचारेना. जमिनीचं नाही म्हटल्यावर फणस फोडला.

आडवाट
एक गोष्ट कुणी काढली नाही म्हणून मी काढतो. वहीत जात लिहिलेली असते. आमच्या घराण्यातले एक जण असेच गेले होते, रत्नागिरीहूनच, आणि कागदावर 'महार' आहे. शोध घेतला तेव्हा मॉरिशसमधल्या शाखेला हे ठाऊक नव्हतं. त्यांना घरात 'आपण मराठे' एवढंच सांगितलेलं होतं, म्हणजे मराठी बोलणारे. मी सांगावं की नाही यात सहा महिने गेले. शेवटी सांगितलं, कारण त्या माणसाने गाव का सोडलं ते त्या एका शब्दाशिवाय कळतच नाही. गावात ज्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते ती विहीर अजून आहे. समोरून त्यांच्या मुलीने उत्तर पाठवलं, "विहिरीचा फोटो पाठवा." पाठवला. पुढच्या वर्षी ती तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन येतेय. सगळेच जण पैशासाठी गेले नाहीत, काही सुटायला गेले, हे मनात असू द्या.

दर्यावर्दी
आडवाट, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

घाटमाथा
वाचलं. माझ्या मित्राला काल फोन केला. एवढंच लिहितो.

सुरंगी
सगळ्यांचे प्रतिसाद मैत्रिणींच्या ग्रुपवर वाचून दाखवले, शांताचा तर दोनदा. शांताचा नियम चौघींनी घेतला, ज्याचा दिवस त्याचा दिवस. दोन माझे, एक दिवस 'श्राद्ध' म्हणणारीच्या डायव्हिंगचा, एक नुसतं लोळायचा. ईमेल केलाय. पावसलाही जाऊन आले, कोतवाल बुकात एवढं जुनं मिळालं नाही, पण मामाकडून भिकाजींच्या वडिलांचं नाव मिळालं, राघो. आता आल्यावर लिहीन.

(चार महिन्यांनी)

चकलीचा_सोऱ्या
सुरंगी, नोव्हेंबर होऊन गेला. धागा वर काढतोय.

सुरंगी
लिहायला उशीर झाला, मनातून उतरेना म्हणून.

मोक्याला तिसऱ्या दिवशी गेलो. तिथल्या बाईंनी आधीच दोन नोंदी काढून ठेवल्या होत्या, दोन्ही भिकाजी, दोन्ही जिल्हा रुटनाघेरी, दोन्ही मुंबईहून, १८६५. एकाच्या बापाचं नाव 'गोंदजी', तो बाद. दुसऱ्याचं 'रागो'. वय २२. मी तिथेच खाली बसले. पण गाव पावस नव्हतं. इंग्रजी अक्षरांत काहीतरी 'गो' ने सुरू होणारं, पुढे के, मग दोन आर की दोन डी, कळेना. मी बोरूंच्या सांगण्यावरून गावांची यादी नेली होती, गोळप, गणेशगुळे, गावडेआंबेरे, एकेक लावून बघत होते, एकही बसेना. अर्धा तास गेला. मला वाटलं हाही आपला नाही.

आमची डायव्हिंगवाली, सोलापूरची, कोकणातलं एक गाव तिला माहीत नाही. ती मागे बसली होती, तिने कागद ओढला आणि पहिलीतलं पोर वाचतं तसं मोठ्याने वाचायला लागली. गौ-क-री. गाव-क-री. गाव-ख-डी. "हे बघ, गावखडी होतंय. असं गाव असतं का गं?"

असतं. पूर्णगडच्या किल्ल्यावरून खाली मुचकुंदीची खाडी दिसते ना, तिच्या पलीकडे. खाडीपलीकडचं घर. मी आयुष्यभर त्या पुलावरून आजीबरोबर गेलेय आणि यादीत ते गाव घेतलंच नव्हतं, कारण आम्ही पावसचे.

मृत्यूच्या रकान्यात काही नाही. परत गेल्याची नोंद नाही. फोटो नाही. उंची पाच फूट दोन इंच, डाव्या भुवईवर व्रण. मामाला फोनवर वाचून दाखवलं, तो म्हणाला तेवढ्यावरून पान काढता येत नाही, आणि मग बराच वेळ काही बोललाच नाही.

दुसऱ्या दिवशी घाटावर गेलो, १६ पायऱ्या चौघींनी मोजल्या. मग कास्कावेल. शांता सुट्टी घेऊन आली होती. तिथल्या एका आजींनी दारातूनच "या, बसा, जेवून जा" म्हटलं, शब्द आपले पण सूर वेगळा, फ्रेंचसारखा. भिकाजी नावाचं त्यांना कुणी आठवेना. मी सहज विचारलं साखरेला काय म्हणता, तर क्रिओल शब्द सांगितला. मोरस त्यांना ठाऊकच नाही, आणि असणार तरी कसा, त्या तिथेच राहतात.

नंबर मिळालाय. त्या नंबरवर लग्नाची किंवा जमिनीची नोंद निघते का ते शांता बघतेय. मला इकडची बाजू लावायची आहे. गावखडीत कुणाच्या ओळखीचं आहे का? राघो आणि भिकाजी ही नावं वरच्या पिढ्यांत असलेलं घर हवंय. सातबाऱ्याशी काही संबंध नाही हे आधीच सांगते.

बोरू
'गावखडी' माझ्याही डोक्यात आलं नसतं. तुमच्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा.

कातळशिल्प
नेहमी वाचनमात्र असतो, यासाठी खाते उघडले. माझे आजोळ गावखडी. आमच्या घरापासून तिसऱ्या घरात वंशावळीत वर राघो आहे, पण मुलगा एकच दाखवलाय आणि दुसऱ्याच्या जागी नुसती रेघ आहे. ती रेघ का आहे ते कुणी सांगू शकत नव्हते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, बघा. शिमग्याला सगळे गावात असतील, मैत्रिणींनाही घेऊन या.